मंगलनं राखलेली झोप

आमच्या केंदूरच्या आळीत मंगलइतकी भांडखोर बाई दुसरी झाली नाही. पण ती बांधासाठी भांडली नाही की नळाच्या पाण्यासाठी भांडली नाही. ती भांडायची आवाजाशी. कुणी मिरच्या कुटायला घेतल्या, भंगारवाला भोंगा लावून आला, पोरांनी पत्र्यावर चेंडू मारला, की मंगल दारात उभी. डोक्यावर पदर, हातात लाटणं किंवा झाडू, आणि दबक्या आवाजात शिव्या. शिव्या दबक्या आवाजात देणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. मोठ्यानं दिल्या असत्या तर तिचाच मुलगा उठला असता.

मुलगा म्हणजे अक्षय. आयटीआय करून रांजणगावच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागला होता. मंगलच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. ती आमच्या भावकीतली सून, मला आत्या म्हणायची. तिचा नवरा बाळासाहेब शेतात आणि पारावर, मुलगी पूनम शिरूरच्या कॉलेजात. घरात राहायची मंगल आणि तो झोपलेला मुलगा.

रांजणगावला कारखाने आले तेव्हापासून आमच्याकडे एक नेम पडला आहे. रात्रपाळी करून आलेल्याला उठवायचं नाही. पाहुणा आला तरी नाही, घरात पूजा असली तरी नाही. देव थांबेल, पाहुणा परत येईल, पण 'थर्ड' करून आलेला पोरगा झोपलाच पाहिजे. नाही तर मशिनीत हात जातो. असा हात गेलेली दोन पोरं गावात आहेत, म्हणून नेम कुणी मोडत नाही. "थर्ड हाय त्याची" म्हटलं की पुढचा माणूस चपला हातात घेतो.

मंगलनं हा नेम पार टोकाला नेला होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची, वाजू नयेत म्हणून. जोडव्यांना दोरा गुंडाळायची. कुकर लावायची नाही, शिट्टी होते. डाळ पातेल्यात शिजवायची. खिडकीला खताच्या गोण्या शिवून लावल्या होत्या, दिवसा अंधार व्हावा म्हणून. म्हैस दारातून सोडून मागच्या बाजूला बांधली. "पोटाला आन् झोपंला आडवं येऊ नये, आत्या," असं म्हणायची. "झोप झाली की मानूस निम्मं बरं हुतंय."

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर तिनं कहर केला. तिचे थोरले दीर सोसायटीचे चेअरमन. सगळा गाव त्यांना चेअरमनच म्हणतो, घरातलेसुद्धा. त्यांच्या पॅनेलची रिक्षा भर दुपारी कर्णा लावून आळीत शिरली आणि चेअरमन स्वतः पुढं बसलेले. मंगल आडवी उभी राहिली. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमची रीत. मग हिनं पदर नाकापर्यंत ओढला, तोंड भिंतीकडं केलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "तुझ्या साहेबांना इचार, मतं पायजेत का न्हाईत. माझं पोरगं थर्ड करून झोपलंय."

चेअरमन म्हणाले, "अरे, हिला सांग, तिच्याच घरचं पॅनेल हाय."

"घरचं हाय म्हणून तर तोंडानं सांगतीय. दुसऱ्याचं आसतं तर वायरच तोडली आसती."

कर्णा बंद झाला. आळी पदराआड हसली. पुढं बरेच दिवस बायका एकमेकींना "तुझ्या साहेबांना इचार" म्हणायच्या.

त्या वेळी अक्षय चांगला होता. चांगला म्हणजे पोरासारखा पोरगा. सुट्टीला क्रिकेट, माझ्या ओट्यावरून जाताना थट्टा. "आजी, मोबाईल चार्जिंगला लावला का? का तुमालाच लावू?" असं काहीतरी. मग हळूहळू ते थांबलं. कधी थांबलं ते सांगता येत नाही. चालता चालता माणूस मागं राहतो आणि आपण वळून पाहतो तेव्हा रस्त्यावर कुणी नसतं, तसं झालं.

पोरगं वाळलं. दाढी वाढली. मी तोंडावर बोलणारी बाई, मंगलला विचारलं, "ह्याला काय झालंय गं?"

"काय न्हाई. शिफ्ट."

"जेवतो का?"

"शिफ्टनं भूक मरती."

"बोलत न्हाई कुणाशी."

"मशिनीपुढं हुबं राहून कान बसलेत त्याचं. त्याला ऐकूच येत न्हाई नीट."

"अंगाला वास येतो, मंगल."

"ऑइलचा वास हाय त्यो," ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं, आवाज न करता.

प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं शिफ्ट होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि आळीलाही तसंच वाटत होतं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेला तरणा मुलगा दुसऱ्या गावात असता तर लोकांनी विचारलं असतं. आमच्याकडं लोक चपला हातात घेऊन गेले.

संकष्टीला आम्ही दोघी वडापच्या जीपनं रांजणगावच्या गणपतीला गेलो. उन्हाळा लागला होता. त्या आठवड्यात अक्षयची सेकंड होती, म्हणजे दुपारची पाळी. दर्शन झालं, आणि मंगलच्या मनात आलं की इथवर आलोच आहोत तर पोराला प्रसाद देऊन जाऊ. कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमन परप्रांतातला. त्यानं आत फोन लावला आणि म्हणाला, "माताजी, इस नाम का कोई नहीं है अंदर."

"आसा कसा न्हाई? मी सवताच्या हातानं डबा दिलाय त्याला."

डबा दिला म्हणजे मुलगा आत आहे, यापुढं तिला पुरावा लागत नव्हता. वॉचमनला काही कळेना. तेवढ्यात निळ्या शर्टातला एक पोरगा बाहेर आला, अक्षयबरोबर लाइनवर काम केलेला. तो म्हणाला, "काकू, अक्षा तर संक्रांतीपास्नं येत न्हाई."

मंगल हसली. "चेष्टा करतो व्हय रं म्हातारीची?"

तो हसला नाही. मग तीही थांबली.

रस्त्याच्या पलीकडं ट्रेलर उभे असतात, त्यांच्या सावलीत मोटारसायकली लावलेल्या होत्या. तिथं एक जण जमिनीवर बसला होता. एवढ्या उन्हात डोक्याला हेल्मेट, काच खाली ओढलेली. मंगलनं त्याला डब्याच्या पिशवीवरून ओळखलं. पिशवी उघडी होती आणि कुत्रं चपाती खात होतं.

तिनं जाऊन हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले. तो तिच्याकडं बघत होता, पण दचकला नाही, लाजला नाही. कुणी पकडलं याचंसुद्धा त्याला काही वाटलं नाही. ते मला सगळ्यात वाईट दिसलं.

"कामाला का न्हाई गेला?"

"गेटपत्तुर जातो रोज. पुढं पाय उचलत न्हाई."

"कोन काय बोललं का? साहेब?"

"न्हाई."

"पोरीचं काय हाय का? सांग, मी रागावत न्हाई."

"काय न्हाई गं आई. कायच न्हाई वाटत मला. त्येच हाय."

"मग घरी सांगायचं ना बाबा. पडून राहायचं. झोपतोस तेवढं तरी..."

"मी झोपत न्हाई." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द वजनाचा असल्यासारखा. "लई महिनं झालं. झोप लागत न्हाई. तुमी सगळी गप हुता. मग मला उठून भायेर यायला लाज वाटती. पडून राहतो. वर पत्रा बघतो."

प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा मंगलनं त्याच्या तोंडात घातला. त्यानं तो चावला नाही. तोंडात तसाच धरून बसला.

घरी आल्यावर बांगड्या खाली आल्या, कुकर चुलीवर चढला, गोण्या फाडून काढल्या. त्यानं काही होणार नव्हतं आणि झालंही नाही. बाळासाहेब म्हणाला, "माज आलाय. दोन दिवस उसात पाणी धरू द्या, सरळ हुईल." पोरगा पाणी धरायला गेला आणि दाऱ्यावर बसून राहिला. पाणी दुसऱ्याच्या वावरात गेलं. शिरूरच्या एका डॉक्टरनं सलाइन लावली आणि ताकदीचं औषध दिलं. अक्षयनं त्याला सांगितलं होतं, अंग दुखतं. मन दुखतं म्हणून दवाखान्यात कोण सांगतं? मग एका देवऋष्यानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. मंगलनं उतारा टाकला, कोंबडं दिलं, लिंबं वाहिली. मी म्हटलं, "मंगल, कोंबड्यानं काय हुतंय?" ती म्हणाली, "आत्या, मला कुणी सांगितलं शेण खा, तर मी शेण खाईन." चेअरमननी आपला उपाय सांगितला, पोराचं लगीन लावा. ज्याला स्वतःचा शर्ट अंगात घालायला दुपार होत होती, त्याच्या गळ्यात पोरगी बांधायला निघाले होते.

एका सकाळी अक्षय माझ्या ओट्यावर आला. आंघोळ केलेली, दाढी केलेली. मला बरं वाटलं. त्यानं आपला मोबाईल माझ्या नातीला देऊन टाकला. बॅट आळीतल्या पोरांना दिली होती, नवे बूट मित्राला. मला म्हणाला, "आजी, आईकडं बघत जा." आणि गेला. मला बरं वाटलेलं तिथंच संपलं. माझ्या आयुष्यात मी दोन माणसं अशी शेवटची वाटणी करताना पाहिली आहेत, आणि दोघंही म्हातारी होती.

मी मंगलला सरळ सांगितलं. असल्या गोष्टी गोड करून सांगता येत नाहीत. ती ऐकता ऐकता उठली. घरातली फवारणीची सगळी औषधं तिनं पाटीत भरली, माझ्या घरात आणली आणि म्हणाली, "कुलूप लावा. किल्ली मी मागितली तरी देऊ नका." मग त्याच पावली चेअरमनच्या घरी गेली. मी मागं गेले.

चेअरमन ओसरीवर, बाळासाहेब शेजारी. पूनमची सोयरीक त्याच आठवड्यात ठरत आली होती, शिरूरकडचं चांगलं घर. मंगल म्हणाली, पोराला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं आहे.

चेअरमन बाळासाहेबाला म्हणाले, "हिला सांग, पोरीचं लगीन हुस्तोवर थांब. येड्याच्या डॉक्टरकडं नेलं ही बातमी त्या घरात गेली तर सोयरीक मोडंल. तवर गप राहा. घरातलं घरात."

मंगलनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि थोरल्या दिराच्या डोळ्यात बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"गप राहूनच ह्ये झालंय, दादा. मीच समद्यांना गप केलं हुतं. आता मी गप राहणार न्हाई. पोरीला दुसरी सोयरीक भेटंल. मला ह्यो पोरगा दुसरा कुठं भेटायचा?"

बाळासाहेब "अगं, अगं" म्हणत राहिला. चेअरमनना सुनेचं तोंड प्रथमच दिसत होतं, तेच बघत राहिले बहुतेक.

दुसऱ्या दिवशी ती अक्षयला घेऊन माहेरी गेली, दौंड तालुक्यात खुटबावला. भाऊ संपत तिथं ऊस करतो. तिथून दौंडला एका दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत असं कळलं होतं. पुढं कपडे न्यायला केंदूरला आली तेव्हा माझ्या ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. अक्षय शेजारीच बसलेला. त्याला सोडून ती आता कुठं जात नव्हती.

"डॉक्टरीण म्हंजी पोरगीच हो आत्या, पूनमपेक्षा थोडी थोर. पयलं मला बोलूच दिलं न्हाई. ह्याला इचारलं, किती झोपतो, काय खातो. मग सरळ इचारती, 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' मी म्हटलं, बाई, आसलं काय इचारता? न्हाई ते पोराच्या मनात घालता? ती म्हनली, 'आई, विचारल्यानं ते मनात येत नाही. असलं तर बाहेर पडतं.' आन् ह्यो म्हनला, 'रोज येतं.'"

मंगलनं ते "रोज येतं" अक्षयसारखंच म्हटलं, सपाट. मग तोंडात पदर कोंबला. अक्षय समोरच्या भिंतीकडं बघत होता.

डॉक्टरणीनं हा आजार आहे म्हणून सांगितलं होतं. माज नाही, बाहेरचं नाही. बराही होतो. पण गोळी लगेच लागू पडत नाही, आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायची नाही. तोवर एकटं ठेवायचं नाही, विष औषध हाताशी ठेवायचं नाही, आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा यायचं. मंगलनं भावाच्या खोपटातलं तणनाशकसुद्धा बाहेर काढायला लावलं. संपत वैतागून म्हणाला होता, "मंगे, आता उसावर काय तुझं तोंड फवारू?" ती म्हणाली होती, "फवार. तण जळंल."

हे सांगताना ती हसली. त्यानंतर तिला हसताना मी पाहिलं नाही.

कारण पुढं नीट झालं नाही. गोळ्यांनी झोप लागायला लागली, पण अक्षयला वाटलं आपण दगड झालो, आणि त्यानं गोळ्या तोंडातून काढून टाकायला सुरुवात केली. मंगलला कळलं नाही. खुटबावला एका दुपारी ती चुलीपुढून उठून बघते तर खाट रिकामी. ती अनवाणी पळत कालव्यावर गेली. तो काठावर बसला होता, पाण्याकडं तोंड करून. तिनं हाक मारली नाही. जवळ जाऊन बसली, त्याचा दंड धरला आणि ऊन कलेपर्यंत तशीच बसून राहिली. बोलली काय, मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "काय बोलायचं? म्हटलं, तुला उठायचं नसंल तर आपून हितंच बसू." पुन्हा दौंड. गोळी बदलली. पुन्हा वाट बघणं. आता ती त्याच्या तोंडात बोट फिरवून बघायची, गोळी गिळली का नाही. तेवीस वर्षांच्या मुलाच्या. तो तोंड उघडायचा.

पूनमची सोयरीक मोडली नाही. लग्न शिरूरच्या कार्यालयात ठरलं. चेअरमनचा निरोप गेला की मंगलनं यावं, पण त्याला मामाकडं ठेवावं, चारचौघांत नको. निरोप देणाऱ्याच्या डोक्यात एवढंही आलं नाही की मामा घरी कसा राहील? नवरीच्या पाठीशी मांडवात मामालाच उभं राहावं लागतं. संपत शिरूरला येणार, तर खुटबावला अक्षयजवळ कोण?

ती त्याला घेऊन आली. सकाळी पूनमला भेटली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि कार्यालयाच्या बाहेर निघून गेली. गर्दी, बँड, माणसं जवळ येऊन "काय रं, कुठं असतो हल्ली?" विचारणार, ते अक्षयला सोसत नव्हतं. घाम फुटायचा. दोघं फाटकाबाहेर गाड्या लावतात तिथल्या भिंतीला टेकून उभी राहिली. आत नवरीची आई म्हणून पाहुण्यांना हात जोडायला चेअरमनची बायको.

मी ओंजळभर अक्षता घेऊन बाहेर गेले. मंगलनं नवी साडी नेसली होती, घडीच्या रेघा तशाच. एका हातानं मुलाचं मनगट धरलेलं. मी अक्षता तिच्या दुसऱ्या हातात दिल्या. तिनं त्यातल्या निम्म्या त्याच्या मुठीत घातल्या. आतून कर्ण्यावर मंगलाष्टका ऐकू येत होत्या. "सावधान" झालं की ती भिंतीवरून थोड्या थोड्या अक्षता आत टाकायची. त्या भिंतीपलीकडं उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर पडत होत्या. अक्षयची मूठ उघडली गेली आणि तांदूळ त्याच्या पायावर सांडले. तो बघत राहिला.

"जेवून जा," मी म्हटलं.

"दौंडची यष्टी हाय आता. आज त्याला दाखवायचं हाय, आत्या. वार चुकवून चालत न्हाई."

"पोरीची पाठवणी?"

"तिला सांगितलंय. ती रडली. रडनाऱ्याची काळजी नसती आत्या." मग म्हणाली, "ह्यो रडला तर मी गावजेवण घालंन."

आता ती खुटबावलाच असते. मी फोन करते तेव्हा एकच विचारते, पोरगा आहे का? ती सांगते, "हाय." त्याच्यापुढं तिच्याकडं सांगण्यासारखं काही नसतं, आणि मीही विचारत नाही. पण तिला डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

मी लाडू आणि भाताची पिशवी घेऊन स्टँडवर गेले तेव्हा गाडी लागली होती. मंगलनं त्याला आधी चढवलं, मागून आपण चढली. दोघांच्या बाकावर त्याला आत खिडकीशी बसवलं. खिडकीला आडवे गज होते ते तिनं हात लावून, हलवून पाहिले. मग बाहेरच्या बाजूला ती बसली आणि दोन्ही गुडघे पुढच्या बाकाला लावून ठेवले, म्हणजे त्याला उठायचं झालं तर तिला ओलांडल्याशिवाय उठता येऊ नये.